थोरली, धाकटी आणि भिंतीवरचं बटण

३ नोव्हेंबर. छापील रविवार, खरा सोमवार.
ही डायरी गेल्या वर्षीची. दोऱ्याच्या व्यापाऱ्याने भेट दिली होती, कोरीच राहिली. तारखा दर वर्षी त्याच असतात, वार तेवढा एक घर पुढे सरकतो. तेवढ्यासाठी नवी डायरी घेणं म्हणजे उधळपट्टी. वार रोज हाताने दुरुस्त करीन.

लिहायला बसण्याचं कारण असं की संगणकाने आज पुन्हा पाटी दाखवली. या सिस्टिमची काळजी यापुढे घेतली जाणार नाही, म्हणे. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. कानावर पेन्सिलसारखा स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरतो तो. म्हणाला, मावशी, म्हातारा झाला हा, आता नवा घ्या. मी म्हटलं, म्हातारं झालं की बदलायचं ही या घरची रीत नाही. आतून सासूबाई म्हणाल्या, ऐकलं हो मी.

प्रश्न साधा आहे. पुढच्या खोलीत ह्यांचं भरतकामाचं दुकान. मशीनला डिझाइन संगणकातून जातं. ज्या प्रोग्रॅममधून जातं तो जुना, फक्त जुन्या सिस्टिमवर चालतो. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. म्हणजे जुनी काढता येत नाही. पण जुनी इतकी मंद झाली आहे की हिशेबाचा तक्ता उघडायला लावते, देवापाशी दिवा लावून येते, तरी तो उघडतोच आहे.

वाचनालयातल्या मासिकात उपाय सापडला. एकाच संगणकात दोन सिस्टिम शेजारी शेजारी राहू शकतात. चालू करताना तो आपणहून विचारतो, आज कोण हवी. दुसरी फुकट मिळते. फुकट हा शब्द दोनदा वाचून खात्री केली.

संकल्प: थोरली सिस्टिम ह्यांच्या भरतकामाला. धाकटी माझ्या हिशेबाला, प्रवचनं ऐकायला आणि लेकीशी व्हिडिओवर बोलायला. घर एक, चुली दोन. मी जावेबरोबर एका स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढली आहेत. हे न जमायला काय झालं?

वेळही योग्य आहे. शाळेच्या क्रीडादिनाची ऑर्डर कालच पक्की झाली, पण शर्ट सतरा तारखेला येणार. तोवर संगणक रिकामा.

इस्त्रीचं बटण चालू ठेवून हे जेवायला बसले. पुन्हा. बटणांच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला आहे: काम झालं? बटण बंद! लग्न झाल्यापासून सांगते आहे. आधी तोंडी, आता लेखी.

४ नोव्हेंबर. खरा मंगळवार.
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सुरुवातीलाच म्हणतो, अगदी सोपं आहे मित्रांनो. बोलतो मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा. मध्ये थांबवला की बिचाऱ्याचं तोंड उघडंच राहतं. तसाच ठेवून भाजी चिरायला गेले. सासूबाईंनी मोबाइल पाहिला आणि विचारलं, ह्याला काय दुखतंय गं? आता तोंड मिटलेलं असेल तेव्हाच थांबवते. मनातल्या मनात त्याला भाऊ म्हणते.

व्हिडिओ निम्मा पाहिला. पुढचं समजण्यासारखं आहे. मॅट्रिकला इंग्रजीत मी वर्गात दुसरी होते.

ह्यांना योजना सांगितली. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, तुला जमेल ते कर, फक्त माझ्या पक्ष्याला हात लावू नकोस.

पक्षी म्हणजे शाळेच्या बिल्ल्यावरचा. उघडलेलं पुस्तक आणि त्यावरून उडणारा पक्षी. शाळेने दिलेलं चित्र इतकं धुरकट होतं की तो पक्षी आहे की शाईचा डाग, हे मुख्याध्यापिकाबाईंनाही सांगता येईना. ह्यांनी पंखाचा एकेक टाका माऊसने मांडला. किती तरी दुपारी तेच चाललं होतं. डोळ्यात एकच पांढरा टाका आहे, त्याने तो पक्षी तुमच्याकडे बघतो. दर वर्षी तोच पक्षी, दर वर्षी तीच ऑर्डर. आमचं वर्ष त्याच्याच पंखांवर निघतं म्हटलं तरी चालेल. तो थोरलीच्या पोटात सुखरूप आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
लेकीचा फोन. दिवसभर संगणकासमोर बसून पगार घेते, त्यामुळे आईला काही येत असेल हे तिला पटत नाही. म्हणाली, आई, प्लीज हात लावू नकोस, मी सुट्टीत आले की करून देते. सुट्टी कधी, विचारलं. म्हणाली, बघू. म्हटलं, तुझ्या बघूवर इथे कारखाना चालत नाही.

मग वैतागून म्हणाली, बरं, करणारच असशील तर आधी सगळ्या डिझाइनची नक्कल काढ. आणि दोन पेनड्राइव्ह घे, एक नकलेला, एक नव्या सिस्टिमला. दोन! ह्या पिढीला सगळं जोडीने लागतं. घरात एक आहे, बॉबिनच्या डब्यात. नात्यातल्या एका लग्नात परतभेटीच्या ताटलीऐवजी त्यांनी तोच वाटला होता, वर नवरा-नवरीची नावं छापून. अजून उत्तम चालतो. (नवरा-नवरीचं नाही चाललं.)

जिन्यातला दिवा हे चालू ठेवून आले. कागदाकडे बोट दाखवलं. म्हणाले, हो गं, वाचलाय.

८ नोव्हेंबर, शनिवार.
नक्कल काढली. एकटीने. सगळी डिझाइन पेनड्राइव्हवर गेली: हॉटेलच्या टोप्या, हॉस्पिटलचे ॲप्रन, शाळेचा पक्षी. एवढं करून पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामाच. मोठ्या डब्याच्या तळाला मूठभर साखर असावी तसा. बरं झालं दुसरा नाही घेतला.

लेकीला कळवलं. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

९ नोव्हेंबर, रविवार.
काही नाही. एका मोठ्या कामाआधी मन शांत असावं म्हणून जप जास्त केला. सासूबाई म्हणाल्या, कुठे परीक्षा आहे का तुझी?

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपार.
भाऊ म्हणाला तसं केलं. धाकटी आधी इंटरनेटवरून उतरवून घेतली (वाचनालयात, तिथे इंटरनेट फुकट), मग तिथेच ती पेनड्राइव्हवर बसवायची. बसवताना लाल अक्षरांत आलं की या पेनड्राइव्हवर जे काही आहे ते सगळं नष्ट होईल, चालेल का?

थोडा वेळ विचार केला. औषधाच्या डबीतल्या कागदावर काय काय लिहिलेलं असतं. चक्कर, उलटी, क्वचित मृत्यू. म्हणून कोणी गोळी घ्यायची थांबतं का? लिहिणाऱ्याला लिहावंच लागतं. शिवाय डब्यात एवढी जागा आहे, धाकटी आली तर मूठभर साखरेला काय होणार? देवाचं नाव घेतलं आणि हो म्हटलं.

व्यवस्थित बसली. उघडून पाहिलं तर डिझाइन दिसत नाहीत. अनोळखी नावांच्या फायली आहेत. डिझाइन खालच्या थराला असतील. कपाटातही नवं सामान वर राहतं आणि जुनं तळाला जातं. आणि मूळ डिझाइन संगणकात आहेतच की. नक्कल ही मुळात मनाची समजूत.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
अपयश नव्हे, सराव.

संगणक चालू झाल्या झाल्या एक विशिष्ट कळ दाबायची, म्हणजे तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो. भाऊ म्हणाला, कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, तुमची तुम्ही बघा मित्रांनो. इथे त्याने हात वर केले. मी ओळीने सगळ्या कळा दाबल्या. प्रत्येक वेळी थोरलीच उठून बसते आणि पाटी दाखवते. मग तिला पुन्हा बंद करायचं, पुन्हा चालू.

हे मदतीला आले. मी बटण दाबणार, हे कळ दाबणार असं ठरलं. ह्यांचा हात मशीनच्या पायपट्टीच्या सवयीचा. मी 'आता!' म्हणेपर्यंत ह्यांचा पाय खाली दबलेला असायचा, बोट जागेवरच. सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली. म्हणाल्या, चालू द्या, मला टीव्ही नको आज.

शेवटी हे चहाला उठले. जाताना दिवा, पंखा, इस्त्री सगळं चालू. मी काही बोलले नाही. एका वेळी एकच सुधारणा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.
जमलं!!

कोपऱ्यातली एक कळ राहिली होती, तीच निघाली. निळा पडदा आला, त्यात पेनड्राइव्हचं नाव आणि मग धाकटी उघडली. काय सांगू. स्वच्छ, मोकळी, कुठे पाटी नाही, कुठे कुरकुर नाही. हिशेबाचा तक्ता दिवा उचलण्याआधी उघडला. ह्यांना दाखवलं. ह्यांनी मान डोलावली आणि विचारलं, माझा पक्षी कुठे आहे? म्हटलं, थोरलीकडे. म्हणाले, मग ठीक.

लेकीला फोन केला, झालं म्हणून सांगितलं. ती खरंच चकित झाली. आई, सगळं नीट बसलं? म्हटलं, शेजारी शेजारी. म्हणाली, मानलं तुला. असं ती शेवटचं कधी म्हणाली होती, आठवत नाही.

त्याच दिवशी, १ वाजता.
संगणक बंद करून चालू केला. धाकटी गायब. भाऊचा उरलेला निम्मा व्हिडिओ पाहिला. म्हणे ती फक्त बघण्यापुरती आली होती. ट्रायल. पेनड्राइव्ह लावला की येते, काढला की जाते. खरं इन्स्टॉल पुढे आहे, अगदी सोपं आहे मित्रांनो.

लेकीला आत्ताच कळवायची गरज नाही. परवा एकदम पक्कंच सांगीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.
आज मुहूर्त. मुहूर्त म्हणजे हे दोरे आणायला बाजारात गेले आहेत आणि सासूबाई दाढेसाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या आहेत. घर शांत.

इन्स्टॉल सुरू केलं. प्रश्न चांगले विचारते. भाषा कोणती, गाव कोणतं, नाव काय. मग विचारलं, जुनी पुसून टाकू की तिच्या शेजारी राहू? शेजारी, शेजारी. मग एक लांब पट्टी आली आणि मधे दांडी. डावीकडे थोरलीची जागा, उजवीकडे धाकटीची. दांडी सरकवून वाटणी आपण करायची. तिने आपणहून धाकटीला थोडीशीच दिली होती. मी बरोबर मधोमध आणली. मी पंचवीस वर्षं जावेबरोबरच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात काढली आहेत, दुसऱ्या कोणाला तसं करणार नाही.

सकाळी १०.४०.
थोरलीचं सामान एका बाजूला सरकवून जागा करते आहे. इंग्रजीत लिहिलं आहे: वेळ लागेल, मध्येच थांबवू नका. कशाला थांबवीन?

११.२०.
अजून सरकवतेच आहे. थोरलीचा पसारा किती वर्षांचा. पडदा आपोआप काळा झाला, म्हणजे वीज वाचवते आहे. समजूतदार आहे धाकटी. मी देवापाशी बसून येते.

१२.१५.
जप चालू असतानाच हे बाजारातून आले, पुढच्या खोलीत गेले. मग देवघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात दोऱ्यांची पिशवी, चेहरा अगदी उजळलेला. म्हणाले, बघ, आज न सांगता केलं. तुझा संगणक नुसताच काळा पडून चालू होता, समोर कोणी नाही. भिंतीवरून बटण बंद करून आलो.

लग्नानंतर पहिल्यांदा.

माळ हातातच राहिली. कोणता मणी होता तेही विसरले. हे वाट बघत होते. मी म्हटलं, बरं केलंत.

दुपारी ३.
चालू करून पाहिला. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. चालू करायला काही सापडत नाही, असं म्हणते. थकला असेल. इतकं सामान सरकवल्यावर माणूसही बसतो. गार होऊ दे.

संध्याकाळ.
गार झाला. ओळ तीच.

पेनड्राइव्ह लावून पाहिला. धाकटी आली, हसतमुख. तिला थोरलीच्या खोलीत डोकावायला लावलं. म्हणते, तिथलं काही वाचता येत नाही. खोली आहे, कुलूपही नाही, आतलं वाचता येत नाही. पेनड्राइव्हच्या तळाशी डिझाइन शोधली. तळ नाहीच.

ह्यांना अजून काही सांगितलं नाही. खूप खूश आहेत. जेवताना सासूबाईंना सांगत होते, आई, आज मी बटण बंद केलं. त्यांनी दाढेला हात लावून विचारलं, कशाचं? म्हणाले, संगणकाचं. म्हणाल्या, शहाणा.

१६ नोव्हेंबर.
सकाळीच संगणकाची पेटी पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकान बंद. शनिवारी कसं बंद, म्हणून शेजारच्या चांभाराला विचारलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, मावशी, आज रविवार आहे.

डायरीत शनिवार छापला आहे. दुरुस्त करायचा राहिला होता.

पिशवी घेऊन परत. ह्यांनी विचारलं, कुठे नेला होता? म्हटलं, हवा खायला. हसले. ह्यांचा विश्वास बसतो, हेच अवघड आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
शर्ट आले. गठ्ठ्यांनी पुढची खोली भरली. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप: चोवीसला सकाळी तयार हवेत, सव्वीसला क्रीडादिन, यंदा पाहुणे मोठे आहेत, पक्षी नेहमीसारखाच सुंदर हवा.

हे मशीनला तेल देऊन, रिळं लावून, संगणकासमोर येऊन बसले. पांढरी ओळ वाचली. इंग्रजी नीट वाचता येत नाही ह्यांना. म्हणाले, काय म्हणतोय? म्हटलं, दुरुस्तीवाल्याला बोलावलंय, तो सांगेल.

तो आला. कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला, पुन्हा लावला. मीच त्याला मुद्देसूद सांगितलं. शेजारी शेजारी, वाटणी समान, सामान सरकवत होती. तो म्हणाला, सरकवताना मध्येच वीज गेली का? सामान अर्धं उचलल्यासारखं झालंय, ना इकडे ना तिकडे. मी म्हणाले, वीज? वीज जाते कधी कधी.

तेवढ्यात हे म्हणाले, छे, वीज कुठे गेली? उलट मीच बटण बंद केलं होतं. शनिवारी. असंच चालू पडलं होतं.

तो ह्यांच्याकडे बघत राहिला. मग भिंतीकडे. मग मोठ्याने वाचलं, काम झालं? बटण बंद!

 सासूबाईंनी हळूच विचारलं, मग झालं नव्हतं का काम?

१७ नोव्हेंबर, पुन्हा.
सगळं लिहून काढते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, नक्कल असेल तर प्रश्न नाही. पेनड्राइव्ह दिला. त्याने बरोबर आणलेल्या लॅपटॉपमध्ये लावून पाहिला आणि मला विचारलं, मावशी, नकलेवरच सिस्टिम बसवलीत? जागा होती, मी म्हणाले. त्याने डोळे मिटले.

मग म्हणाला, निदान भरतकामाच्या प्रोग्रॅमची सीडीची चकती द्या, तो तरी पुन्हा टाकू. चकती आहे. म्हणजे होती. चार वर्षांपूर्वी मी ती गच्चीत टांगली, कुंड्यांवर पक्षी बसू नयेत म्हणून. चमकते, फिरते, उपयोग होतो. काढून आणली. दोन्ही बाजूंनी आरपार दिसतं आता. दुरुस्तीवाल्याने ती उजेडापुढे धरली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच टेबलावर ठेवली.

 ह्यांनी एवढंच विचारलं, पक्षी गेला? मी म्हटलं, दुरुस्तीवाला बघतो आहे ना, त्याला जमेल. म्हणाले, मी बंद केलं म्हणून गेला? म्हटलं, नाही नाही, तसं नाही.

तसंच आहे. पण कागद कोणी लावला होता?

दुरुस्तीवाला संगणक घेऊन गेला. प्रयत्न करतो म्हणाला. शर्ट मोजून भिंतीला लावून ठेवले. मशीनमध्ये शेवटचं डिझाइन आहे अजून, हॉटेलच्या टोपीचं. शाळेच्या शर्टावर ते चालणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
लेकीला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल.  तिने आधी विचारलं, बाबा कसे आहेत? म्हटलं, बाबा इस्त्री करताहेत. म्हणाली, बंद करायची आठवण कर. आणि मग तिच्याच लक्षात आलं. सॉरी आई, म्हणाली.

संकल्प: देवावर सोडणे. त्याच्याकडे सगळ्याच्या नकला असतील.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
दुरुस्तीवाल्याचा फोन. काही फायली निघाल्या, पण अर्ध्या. मोठ्या शहरात पाठवता येईल, खात्री नाही, वेळही लागेल. वेळ आहेच कुठे?

सासूबाईंनी दुकानाची सुरुवात हाताने भरून केली होती. त्या म्हणाल्या, द्या मला एक शर्ट. चष्मा लावून बसल्या. संध्याकाळपर्यंत पुस्तकाची एक कड झाली. सुंदर झाली. मग शर्टांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, सुई खोचली आणि म्हणाल्या, पुढच्या क्रीडादिनाला पूर्ण होईल एक.

हे उठले, सदरा बदलला आणि गेल्या वर्षीचा एक बिल्ला खिशात घालून कोपऱ्यावरच्या भरतकामवाल्याकडे गेले. त्याच्याशी ह्यांचं जमत नाही. ह्यांच्या मते तो दोरा स्वस्त वापरतो आणि डिझाइन ढापतो. परत आले ते मान खाली घालून, पण काम झालं होतं. नमुना देऊन आले. करून देतो म्हणाला. काम तुम्ही केलंत हे शाळेला सांगू नका, अशी विनंती करून आले. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, म्हणाला, चहा घ्या.

मी म्हटलं, बघा, मार्ग निघाला. देव एक दार बंद… आणि तिथेच थांबले. बंद हा शब्द सध्या घरात जपून वापरते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
ह्यांना नवीन सवय लागली आहे. प्रत्येक बटणापाशी जाऊन उभे राहतात आणि विचारतात. पंखा बंद करू का? मोरीतला दिवा बंद करू का? पाण्याची मोटर? परवानगीशिवाय कशालाच हात लावत नाहीत. मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, करा, करा, करू नका, करा.

म्हटलं तर माझंच म्हणणं होतं की लक्ष द्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
शर्ट तयार होऊन आले. वेळेआधी. काम नीटनेटकं. दोरा स्वस्त.

पक्षी मात्र. कसं लिहू? पंख आहेत, चोच आहे. पण पोट भरलं आहे आणि मान आखूड. पुस्तकावरून उडत नाही, पुस्तकावर बसला आहे. डोळ्यातला पांढरा टाका नाही. ह्यांनी एक शर्ट उचलून खिडकीपाशी नेला आणि खूप वेळ पाहिला. सासूबाईंनी पाहिला आणि त्यांना जे दिसलं ते त्या बोलल्या. कोंबडी.

मी म्हटलं, लांबून पक्षीच वाटतो. खेळताना मुलं लांबच असतात.

हे म्हणाले, डोळ्यातला टाका तरी हाताने घालू. सगळे शर्ट पुढे ओढून बसले. मीही बसले, सासूबाईही. गठ्ठ्यागठ्ठ्याने एकेक पांढरा टाका. उद्या रविवार, उद्याही बसू. टाका घातल्यावर कोंबडी आपल्याकडे बघते. न घातलेली बरी होती की काय, असं एकदा वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
शर्ट पोचवले.

मुख्याध्यापिकाबाईंनी उघडून पाहिले.  हे दाराशीच थांबले, आत आले नाहीत. बाई म्हणाल्या, वा! यंदा पक्षी जरा भरलेला वाटतो, नाही? छान दिसतो. गेल्या वेळचा फार किडकिडीत होता.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, आवडला. म्हणाले, डोळा बघितला? म्हटलं, हो, डोळाच आधी बघितला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
क्रीडादिन छान झाला, असं दूधवाला सांगत होता. त्याची मुलगी धावण्यात तिसरी आली.

कोपऱ्यावरच्या भरतकामवाल्याने शाळेला सांगितलं नाही. आधीच सांगून ठेवते, तो तसा माणूस चांगला निघाला. पण शाळेच्या शिपायाने त्याच्या दुकानातून शर्टांचे गठ्ठे निघताना पाहिले होते. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्हाला उगाच त्रास नको, पुढच्या वर्षीपासून आम्ही थेट त्यांच्याकडेच देत जाऊ.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं.

भिंतीवरचा कागद काढला. मागची बाजू कोरी आहे. किराणाच्या यादीला ठेवला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.
दुरुस्तीवाला संगणक घेऊन आला. थोरलीचं काहीच वाचलं नाही म्हणाला, म्हणून सगळी जागा झाडून धाकटीलाच दिली. वाटणीचा प्रश्नच उरला नाही. पैसे नको म्हणत होता. जाताना मला नवा पेनड्राइव्ह देऊन गेला. माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, मावशी, हा दुसरा.

लेकीला सांगितलं, आता खरंच झालं. तिने विचारलं, कसं चालतंय? म्हटलं, फार छान. ह्यात खोटं काही नाही. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. पाटी नाही, कुरकुर नाही.

हिशेबाचा तक्ता उघडला. या महिन्यात भरण्यासारखं फारसं नव्हतं. प्रवचन लावलं, सासूबाईंना झोप लागली. मशीनवर कापड टाकून ठेवलं आहे. संगणक समोर उजळून बसला होता, काय करू, काय करू असं विचारत असल्यासारखा. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याच्याकडून करून घेण्यासारखं मला काही सुचेना.

हे भिंतीपाशी येऊन उभे राहिले. हात बटणाजवळ, लावलेला नाही. म्हणाले, बंद करू का?

म्हटलं, करा.